ट्यूनिंगखाली दडलेली गळती: बडोद्यातल्या एका सीएनजी गाडीचं प्रकरण

गाडी २०१४ ची. चार सिलिंडर, १.२ लिटर, पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४. नंतर बाहेरून बसवून घेतलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट, आरसीवर रीतसर चढवलेलं. मालक दांडिया बाजारातले एक काका, कलाभवनच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. तक्रार अशी: सिग्नलला उभी केली की गाडी थरथरते, एसी लावला की जास्तच. सकाळी पहिल्यांदा चालू केली की दोन-तीनदा बंद पडते. चेक इंजिनचा दिवा येतो आणि जातो. हायवेला काही त्रास नाही. पेट्रोलवर थरथर जास्त, गॅसवर कमी.

या शेवटच्या वाक्याने आधीच्या सगळ्या मेकॅनिकना एकाच दिशेला नेलं होतं. पेट्रोलवर जास्त त्रास म्हणजे दोष पेट्रोलच्या बाजूला, असं धरून पेट्रोलचे इंजेक्टर काढून अल्ट्रासोनिकमध्ये धुतले गेले, टाकी रिकामी करून झाली, फ्युएल पंप तपासला गेला. कुणी सांगितलं, नव्या इथेनॉलच्या पेट्रोलचा हा परिणाम आहे, जुन्या गाड्यांना तो सोसत नाही. प्लग नवे झाले, एअर फिल्टर नवा झाला, थ्रॉटल बॉडी साफ झाली. आणि या सगळ्याच्या मधेमधे, 'गॅसवर तरी नीट चालू दे' म्हणून, लॅपटॉप लावून गॅसचं ट्यूनिंग पुन्हा पुन्हा झालं. यातलं एकही काम मुळात चुकीचं नाही. पण कुठलंही काम मोजमापावरून ठरवलेलं नव्हतं.

काकांची वही

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, पण बडोद्याचे लोक अजून कलाभवनच म्हणतात. काकांचं सगळं आयुष्य तिथे आकडे लिहिण्यात गेलं. त्यामुळे गाडीचीही वही होती. प्रत्येक वेळी गॅस भरला की तारीख, किलोमीटर, किती किलो गॅस, आणि शेवटच्या रकान्यात दोन-चार शब्द. 'सिग्नलला बरी.' 'सकाळी दोनदा बंद.' 'ट्यूनिंग केलं, छान.' 'पुन्हा तेच.'

मी बॉनेट उघडायच्या आधी ती वही वाचली. मला वाटतं या प्रकरणातला सर्वात मोलाचा पुरावा तोच होता. प्रत्येक ट्यूनिंगनंतर गाडी दोन-तीन दिवस छान चालायची आणि मग हळूहळू पहिल्यासारखी व्हायची. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक ट्यूनिंगनंतर सकाळची सुरुवात आणखी बिघडलेली होती. पहिल्या ट्यूनिंगच्या आधी 'सकाळी एकदा बंद' असं क्वचित दिसत होतं. शेवटच्या ट्यूनिंगनंतर ते रोजचं झालं.

"काका, ट्यूनिंगनंतर गाडी आणि सकाळ, दोन्ही तुम्ही वेगळं लिहिलंत म्हणून बरं झालं," मी म्हटलं.

"अरे, सकाळी ती पेट्रोलवरच चालू होते ना. गॅस इंजिन तापल्यावर येतो. मग वेगळंच लिहायला नको का?" काका म्हणाले.

बरोबर. हवा आणि इंधनाचं मिश्रण खरोखर चुकलेलं असेल आणि कुणी ते दुरुस्त केलं, तर ते दुरुस्तच राहायला हवं. दोन-तीन दिवसांत ते परत बिघडत असेल, तर गाडीतच कुणीतरी ती दुरुस्ती पुसून टाकतं आहे. तो म्हणजे गाडीचा स्वतःचा ईसीयू, इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर.

ईसीयू काय पुसतो

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेल्या हवेत ऑक्सिजन आहे की नाही ते सांगतो. ऑक्सिजन उरला तर मिश्रण पातळ, म्हणजे इंधन कमी; नाही उरला तर जाड, म्हणजे इंधन जास्त. त्यावरून ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ थोडा वाढवतो किंवा कमी करतो. ही क्षणाक्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती सतत एकाच बाजूला लागत असेल तर ईसीयू ती कायमची म्हणून लक्षात ठेवतो. ती लाँग टर्म ट्रिम. अधिक म्हणजे ईसीयू इंधन वाढवतो आहे, उणे म्हणजे कापतो आहे. पाच-सात टक्के इकडेतिकडे नेहमीचं. दहाच्या पुढे गेलं की कारण शोधायला लागायचं.

आता सिक्वेन्शियल किटची गंमत अशी की त्याचा ईसीयू स्वतः काही ठरवत नाही. पेट्रोलचा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरला जितके मिलिसेकंद उघडायला सांगतो तो आकडा किटचा ईसीयू उचलतो, त्याला नकाशातल्या गुणकाने गुणतो, गॅसचं प्रेशर आणि तापमान पाहून थोडा फरक करतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. नकाशा म्हणजे आरपीएम आणि पेट्रोलचा वेळ यांच्या चौकटीत लिहिलेले गुणक. ट्यूनिंग म्हणजे हे गुणक बदलणं.

समजा कुणी आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तिथल्या, चौकटीतला गुणक वीस टक्क्यांनी वाढवला. गॅस जास्त जाईल, मिश्रण जाड होईल, ऑक्सिजन सेन्सर ओरडेल, आणि पेट्रोलचा ईसीयू आपला वेळ तेवढाच कापेल. शेवटी सिलिंडरमध्ये जातं ते मिश्रण होतं तिथेच येतं. एकाने भाजीत मीठ वाढवावं आणि दुसऱ्याने तेवढंच पाणी घालावं, तसं. ईसीयूला हे नीट शिकायला थोडं अंतर चालावं लागतं. काकांच्या वहीतले छान दिवस ते हेच.

आणि सकाळचं काय? गॅसवर चालताना ईसीयू शिकतो की 'इंधन कापायला हवं'. ते कापणं लाँग टर्म ट्रिममध्ये बसतं. दुसऱ्या दिवशी गाडी पेट्रोलवर चालू होते. इंजिन थंड असताना ऑक्सिजन सेन्सर अजून तापलेला नसतो, म्हणून त्याच्याकडून दुरुस्ती नाही. पण या गाडीत शिकलेली ट्रिम मात्र लागू असते. गॅससाठी शिकलेली कपात पेट्रोलवर पडते, तीही थंड इंजिनला जादा इंधन हवं असतं नेमक्या त्या वेळी. म्हणजे गॅसचा नकाशा जितका जाड केला, तितकी पेट्रोलवरची सकाळ पातळ झाली. वहीतला क्रम तंतोतंत जुळत होता.

एवढ्यावरून एक गोष्ट ठरली: गॅसचा नकाशा कशाला तरी झाकतो आहे. कशाला, ते शोधायचं होतं.

पहिले आकडे

गाडी गॅसवर चालत गॅरेजला आली होती. स्कॅनरमध्ये एकच कोड साठवलेला: पी०३०३, तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे तिथलं मिश्रण नीट पेटत नाही. गॅसवर आयडलला शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास, लाँग टर्म उणे ६. हा आकडा कुणी एकटाच पाहिला तर म्हणेल, सगळं ठीक आहे. स्विच दाबून पेट्रोलवर घेतली तर शॉर्ट टर्म लगेच अधिक २१ वर गेली. इंजिन जोरात थरथरलं आणि ईसीयू इंधन वाढवत राहिला. लाँग टर्म उणे ६, शॉर्ट टर्म अधिक २१. म्हणजे आयडलला पेट्रोलवर खरी गरज साधारण अधिक १५ ची. २५०० आरपीएमवर धरली तर तीच बेरीज ५-६ वर उतरली.

आयडलला खूप आणि रेस वाढवल्यावर कमी, ही खूण महत्त्वाची आहे. पंप कमकुवत असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर उलटं दिसतं: इंधनाची मागणी वाढते तशी ट्रिम वर जाते. न बोलावलेली हवा कुठून तरी आत शिरत असेल तर आयडलला तिचा वाटा मोठा असतो आणि थ्रॉटल उघडल्यावर एकूण हवेच्या मानाने तो नगण्य होतो. हायवेला काही त्रास नाही, हे काकांचं म्हणणंही त्याच बाजूचं.

पण इथे एक पायरी गाळून चालत नाही. ज्या गाड्यांत हवा मोजायला मास एअरफ्लो सेन्सर असतो, त्यांत गळतीची हवा मोजलीच जात नाही आणि ट्रिम सरळ वर जाते. या गाडीत मॅनिफोल्डमधलं, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातलं, प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर आहे. गळतीची हवा मॅनिफोल्डचं प्रेशर वाढवते, सेन्सरला ते कळतं, आणि ईसीयू त्याप्रमाणे इंधनही वाढवतो. मॅपवाल्या गाडीत मॅनिफोल्डच्या मधल्या पेटीला भोक पडलं तर बहुतेक वेळा आयडल वाढतो, ट्रिम फारशी हलत नाही. इथे ट्रिम हलली होती आणि तीही एकाच सिलिंडरच्या मिसफायरसकट. म्हणजे गळती असलीच तर ती सगळ्यांच्या वाटेवर नसून मॅनिफोल्डच्या एकाच सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत असणार.

मॅप सेन्सर आधी खरा बोलतो का ते पाहिलं. इंजिन बंद, चावी चालू: १०० किलोपास्कलच्या आसपास. बडोदा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे हे बरोबर. इंदूरला हाच सेन्सर ९५ दाखवेल आणि तेही बरोबरच असेल. गरम इंजिन, आयडल, एसी बंद: ४० किलोपास्कल. या इंजिनला तिथे ३० ते ३३ दिसायला हवं. थ्रॉटलचं तोंड नेहमीपेक्षा कमी उघडं. हवा दुसरीकडून येते आहे याला आणखी एक दुजोरा.

दोन इंधनांचा फायदा

सीएनजी किट असलेली गाडी आली की बरेच मेकॅनिक कपाळाला हात लावतात, आणि निम्मा दोष न पाहताच किटवर जातो. माझा अनुभव उलटा आहे. दोन इंधनं असली की निदान सोपं होतं. पेट्रोलचे इंजेक्टर, पंप, प्रेशर हे एका बाजूला. गॅसचे इंजेक्टर, टाकीतला दाब उतरवणारा रिड्यूसर, गॅस फिल्टर दुसऱ्या बाजूला. आणि स्पार्क, कॉम्प्रेशन, हवा हे दोघांत सामाईक. स्कॅनरवर मिसफायरचे आकडे पाहिले तर दोन्ही इंधनांवर तिसराच सिलिंडर चुकत होता, पेट्रोलवर जास्त, गॅसवर थोडा कमी. दोन्ही इंधनांचे तिसरे इंजेक्टर एकाच वेळी बिघडणं जवळजवळ अशक्य. एका स्विचने दोन्ही इंधनांचे इंजेक्टर निर्दोष ठरले. इंजेक्टर धुण्याआधी हा स्विच कुणी शांतपणे दोनदा दाबला असता तर काकांचे पैसे वाचले असते.

उरले तीन: स्पार्क, कॉम्प्रेशन, हवा.

तिसऱ्याची ठिणगीची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर लावली. मिसफायर तिसऱ्यावरच राहिलं. कॉइल सुटली. प्लग बाहेर काढले तर चित्रच समोर आलं. पहिला, दुसरा, चौथा काळपट, कोरड्या काजळीचे. तिसरा पांढुरका. प्लग नवे होते, म्हणून तर फरक इतका स्पष्ट दिसत होता. एकच ऑक्सिजन सेन्सर चारही सिलिंडरचा धूर एकत्र वास घेतो. तिसऱ्यातून न जळलेला ऑक्सिजन येत होता, ईसीयूला वाटलं सगळंच पातळ आहे, आणि त्याने चौघांनाही इंधन वाढवलं. तिघे जाड, एक पातळ, सरासरी बरोबर. एक्झॉस्टला येणारा उग्र वास आणि उतरलेलं एव्हरेज यांचं कारण हेच. पीयूसीला बीएस-४ गाडीसाठी आयडलला हायड्रोकार्बनची मर्यादा २०० पीपीएम आहे. ही गाडी तिथे मागच्या वेळी अडली होती, आणि मिसफायर असताना दुसरं काय होणार.

कॉम्प्रेशन चारही बाजूंना १२ ते १२.५ किलो. तिसरा जरा खाली, पण चिंतेइतका नाही. ते मी लिहून ठेवलं, कारण सीएनजीवर चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्हची गॅप कमी होत जाते, आणि ती गोष्ट नंतर पाहायची होती.

मग स्कॅनरने एकेक इंजेक्टर बंद करून पाहिला. पहिला बंद केला की आरपीएम झटकन पडतो, दुसरा तसाच, चौथा तसाच. तिसरा बंद केला तर इंजिनला जवळजवळ कळलंच नाही. तेच २००० आरपीएमवर केलं तर तिसराही काम करताना दिसला. हा फरक मला सगळ्यात जास्त पटतो. स्पार्क कमजोर असेल तर लोड वाढल्यावर मिसिंग वाढतं, कारण दाबाखाली ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. लोड वाढल्यावर मिसिंग कमी होत असेल तर हवेची गळती शोधायची.

धूर कुठून निघाला

गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारून आवाज बदलतो का पाहायची पद्धत अजून सर्रास आहे. माझी कळकळीची विनंती आहे, ते करू नका. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हातभर अंतरावर असतो आणि बाजूला गॅसची नळी असते. साबणाचं पाणी चालत्या इंजिनवर मारलं तर फेस येत नाही, कारण तिथे व्हॅक्यूम आत ओढत असतो. इंजिन बंद ठेवून आत हलकी हवा किंवा धूर सोडायचा, हा खरा मार्ग.

आधी गॅसच्या टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद केला आणि लाइनमधला गॅस इंजिन चालवून संपवला. टाकीत २०० बारपर्यंत गॅस असतो. त्या बाजूला हात लावण्यापूर्वी ही पायरी कधीही गाळायची नाही. मग ब्रेक बूस्टरची नळी काढून तिथून स्मोक मशीनचा धूर अगदी कमी दाबाने आत सोडला. थ्रॉटलचं तोंड बंद केलं. थोड्या वेळाने मॅनिफोल्डच्या तिसऱ्या नळीवर, गॅसचा नोझल मॅनिफोल्डमध्ये जिथे शिरतो, तिथून धुराची बारीक रेघ निघाली. आणि दुसरी एक, त्याच नोझलवर बसलेल्या रबरी नळीच्या खालच्या बाजूने, क्लिपच्या आतून.

नळी काढून वाकवली तर खालून लांबट चीर होती. वरून पाहणाऱ्याला ती कधी दिसलीच नसती. पेट्रोलवर चालताना गॅसचा इंजेक्टर बंद असतो, पण त्याच्यापासून नोझलपर्यंतची नळी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमखालीच असते. म्हणून चिरेतून हवा थेट तिसऱ्या सिलिंडरच्या दारात. गॅसवर चालताना त्याच नळीतून गॅस थोड्या दाबाने जातो, त्यामुळे हवा ओढली जाणं थोडं कमी. 'पेट्रोलवर जास्त, गॅसवर कमी' या कोड्याचं एक उत्तर हे. दुसरं उत्तर आधीच मिळालं होतं, गॅससाठी शिकलेली कपात.

ती नळी का फाटली? किट बसवताना मॅनिफोल्डच्या तिसऱ्या नळीसमोर एक ब्रॅकेट येत होतं. ते न काढता भोक तिरकं पाडलं गेलं. नोझल तिरका, म्हणून त्याची रबरी नळी इतरांपेक्षा लांब आणि मोडल्यासारखी वळलेली. इंजिन हलेल तसा नळीचा ताण नोझलवर, नोझलचा ताण प्लास्टिकच्या आट्यांवर. आटे ढिले झाले, सीलंट वाळून सुटलं, आणि वाकलेल्या जागी रबर तडकलं. बसवणाऱ्याने वाचवलेली थोडीशी मेहनत पुढे काकांनी फेडली. चारही नळ्या सारख्या लांबीच्या आणि जमतील तितक्या आखूड, नोझल सिलिंडर हेडच्या जवळ आणि व्हॉल्व्हच्या दिशेने तोंड करून, हा नियम कागदावर सोपा वाटतो. त्याच्यासाठी मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवावा लागतो आणि तिथेच घाई होते. गाडीवरच ड्रिल मारलं तर कीस आत पडतो, ते आणखी वेगळं.

मॅनिफोल्ड उतरवला. तिसऱ्या भोकाचे खराब झालेले आटे सहाच्या मापावरून आठवर नेले, भोक सरळ केलं, पितळी बुश इंधनाला टिकणाऱ्या इपॉक्सीत बसवून रात्रभर सुकू दिला. दुसऱ्या दिवशी नळ्यांची तोंडं बंद करून, आत हलकी हवा भरून, मॅनिफोल्ड पाण्यात बुडवून पाहिला. बुडबुडा नाही. नवं गॅस्केट, चार नव्या नळ्या एकाच मापाने कापलेल्या, नव्या क्लिपा. नोझलच्या आतल्या भोकांचं मापही चौघांचं सारखं आहे ना ते ड्रिल बिट घालून तपासलं.

आता ट्यूनिंग

सगळं जोडल्यावर पहिला मोह होतो गॅस चालू करून पाहण्याचा. तो आवरला. आधी ईसीयूची शिकलेली माहिती स्कॅनरने पुसली आणि गाडी नुसत्या पेट्रोलवर चालवली, शहरात आणि हायवेवर, दोन्हीकडे. मॅप आयडलला ३१. मिसफायरचे आकडे शून्य. लाँग टर्म आयडलला अधिक ४, २५०० वर अधिक ५.

काकांनी विचारलं, "हे चार-पाच कशाचं? अजून कुठे गळतंय का?"

गळत नव्हतं. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १४.१, वीस टक्क्यांच्या पेट्रोलला साधारण १३.५. २०२३ पासून पंपांवर वीस टक्क्यांचं पेट्रोल येऊ लागलं आणि दोनेक वर्षांत जवळपास सगळीकडे तेच झालं. दहा टक्क्यांच्या पेट्रोलच्या हिशोबाने आखलेल्या जुन्या गाडीत ईसीयूला चार-पाच टक्के जादा इंधन द्यावं लागणारच. आयडलला आणि वरच्या आरपीएमवर ते सारखंच दिसतं, हीच त्याची ओळख. गळतीची ट्रिम आयडलला फुगते, इथेनॉलची सगळीकडे सपाट असते. इथेनॉलला दोष देणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते तर ती शंका तिथेच मिटली असती.

मग गॅस चालू केला, नकाशा जुनाच ठेवून. शॉर्ट टर्म सरळ उणे २० च्या खाली. आधीच्या ट्यूनिंगमध्ये झाकण्यासाठी घातलेला जादा गॅस आता उघडा पडला होता. ते पाहून मला समाधान वाटलं, कारण आतापर्यंतचा सगळा तर्क त्या एका आकड्याने पक्का झाला.

इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, पंखा बंद असताना आयडलचं ऑटो कॅलिब्रेशन केलं. त्याने फक्त पाया बसतो. खरा नकाशा रस्त्यावर होतो: आधी पेट्रोलवर चालवून वेगवेगळ्या लोडला पेट्रोलचे इंजेक्शन वेळ गोळा करायचे, मग त्याच लोडला गॅसवर. गुणक असे बसवायचे की इंधन बदललं तरी पेट्रोलच्या ईसीयूने मागितलेला वेळ हलू नये. आयडलला पेट्रोलवर ३ मिलिसेकंद असेल तर गॅसवरही ३. तो हलला नाही म्हणजे ट्रिम हलली नाही, म्हणजे गॅसवर शिकलेलं सकाळी पेट्रोलला त्रास देणार नाही. सिक्वेन्शियल ट्यूनिंगची माझ्या लेखी हीच एक कसोटी आहे. गॅसवर गाडी गुळगुळीत चालणं पुरेसं नाही.

यापुढचा भाग बहुतेक ठिकाणी होतच नाही, आणि इंजिनाचं आयुष्य त्याच्यावर ठरतं. आयडलला आणि सरळ रस्त्यावर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो, त्यामुळे नकाशातली चूक तो सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सर सोडून देतो आणि ठरलेल्या हिशोबाने इंधन टाकतो. तिथे नकाशा चुकला तर सांभाळणारं कुणी नाही. आणि तिथेच गॅस पातळ गेला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

म्हणून हालोलमार्गे पावागडला गेलो. माचीपर्यंतचा चढ लांब आहे, गाडी तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण लोडवर धरता येते. सोबत वाइडबँड लॅम्ब्डा मीटर. लॅम्ब्डा म्हणजे इंधनाला लागणाऱ्या हवेच्या मानाने प्रत्यक्षात किती हवा आहे ते; एकच्या वर पातळ, खाली जाड. एक सूचना: मीटर लॅम्ब्डामध्ये वाचावा. पेट्रोलच्या मापाने आखलेला मीटर गॅसवर १४.७ दाखवतो तेव्हा खरं प्रमाण १७.२ च्या जवळ असतं, कारण मिथेनला तेवढी हवा लागते. लॅम्ब्डा १ म्हणजे मात्र दोन्ही इंधनांना बरोबरच.

चढावर लॅम्ब्डा १.०८ पर्यंत गेला. पातळ. हात नकाशाकडे जाणार होता, पण त्याच वेळी किटच्या पडद्यावर गॅसचं प्रेशर २ बारवरून १.५ च्या जवळ येताना दिसलं. आयडलला ते पूर्ण २. मागणी वाढली की दाब पडतो, म्हणजे वाटेत काहीतरी तुंबलंय. इथे गुणक वाढवला असता तर पुन्हा तीच कहाणी, एका बिघाडावर ट्यूनिंगचं पांघरूण. परत येऊन गॅसचा फिल्टर उघडला. आत काळं, चिकट तेल; पंपावरच्या कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर येतं आणि वर्षानुवर्षं इथे साचतं. फिल्टर नवा घातला, रेल आणि गॅसचे इंजेक्टर साफ केले, आयडलचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं आणि पुन्हा चढ. दाब १.९ च्या खाली गेला नाही, लॅम्ब्डा ०.९६. वरच्या लोडच्या दोन चौकटींत गुणक जरासे हलवले, बाकी नकाशा तसाच राहिला.

नंतर

काकू मागच्या सीटवर बसतात. त्यांना थरथर आमच्या सगळ्यांच्या आधी कळायची, आणि आता न्यायमंदिराच्या गर्दीत एसी लावून उभं राहिलं तरी काही जाणवत नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. काका वही घेऊन आले तेव्हा सकाळच्या रकान्यात 'एकदाच, लगेच' असं ओळीने लिहिलेलं होतं. ट्रिम पुन्हा वाचली: पेट्रोलवर अधिक ५, गॅसवर अधिक ३, आणि हा फरक मला चालतो. पीयूसी झाली.

कॉम्प्रेशनमध्ये जरा खाली दिसलेल्या तिसऱ्या सिलिंडरची व्हॉल्व्हची गॅप इंजिन थंड असताना मोजली. एक्झॉस्टची मापापेक्षा थोडी कमी निघाली, ती बरोबर करून घेतली. ही गोष्ट फक्त एकदा करून संपत नाही. चढावर पातळ चाललेला काळ किती होता ते कुणाला सांगता येणार नाही, त्यामुळे बैठक किती झिजली आहे ते पुढच्या मापांवरूनच कळेल. काकांच्या वहीत मी स्वतः एक नवीन रकाना आखून दिला: दर दहा हजार किलोमीटरला गॅसचा फिल्टर आणि व्हॉल्व्हची गॅप, आणि गॅप किती होती तो आकडा.